वेबसॉकेटचे आठ महिने आणि तो खोटारडा हिरवा ठिपका

वेबसॉकेट म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातली सतत उघडी राहणारी दुतर्फा जोडणी. हँडशेक कसा होतो, १०१ हा स्टेटस कोड कधी येतो, हे इथे उगाळत बसत नाही. आरएफसी ६४५५ हा त्याच्या नियमांचा दस्तऐवज डिसेंबर २०११ मध्ये आला. तो वाचलेले आणि न वाचलेले असे दोघेही आज वेबसॉकेट वापरतात. मी दुसऱ्या गटातला होतो.

आमचं ॲप्लिकेशन साधं. तक्रारी येतात, चाळीसेक माणसं दिवसभर स्क्रीन उघडून बसतात, ज्याला जमेल तो तक्रार उचलतो. आधी पोलिंग चालायचं, प्रत्येक स्क्रीन दर पाच सेकंदांनी सर्व्हरला ‘नवीन काही?’ विचारायची. म्हणजे मिनिटाला ४८० रिक्वेस्ट, प्रत्येकीच्या पाठीवर कुकी आणि हेडरचं गाठोडं, आणि बहुतेकींना उत्तर एकच: नवीन काही नाही. मी स्वभावाने चिकट. वाहता नळ आणि रिकामी रिक्वेस्ट, दोन्ही मला बघवत नाहीत. सर्व्हरकडून येणाऱ्या छोट्या संदेशाला वेबसॉकेटचं हेडर फक्त दोन बाइटचं असतं, हे वाचलं आणि त्याच आठवड्यात कामाला लागलो.

नव्याचे नऊ दिवस झकास गेले. तक्रार नोंदवली की पापणी लवायच्या आत सगळ्यांच्या समोर. सर्व्हरचा लोड उतरला. आनंदाच्या भरात मी स्क्रीनच्या कोपऱ्यात एक ठिपका टाकला. कनेक्शन चालू तर हिरवा, तुटलं तर लाल. पुढच्या सगळ्या रामायणाचं मूळ हा ठिपका.

दुसऱ्या महिन्यात रात्रपाळीवाल्यांची कुरकुर सुरू झाली. ठिपका सारखा लाल-हिरवा-लाल होतो म्हणे. दिवसा तपासावं तर सगळं ठणठणीत. लॉगमध्ये कनेक्शन बंद होण्याचं कारण सांगणारा क्लोज कोड, १००६. हा कोड पलीकडून येतच नाही. कनेक्शन निरोप न घेता गेलं की ब्राउझर आपल्या मनाने तो भरतो. म्हणजे कारण विचारावं तर उत्तर, ‘गेलं’. मी होस्टिंगवाल्यांना धरलं. तीन दिवस मेलवर भांडलो. त्यांचं पालुपद एकच, आमच्याकडे सर्व सुरळीत आहे. आणि ते खरं निघालं. मी स्वतः मध्ये बसवलेल्या एनजिनएक्स या मध्यस्थ सर्व्हरला मागच्या सर्व्हरकडून ६० सेकंद काही आलं नाही, तर तो कनेक्शन बंद करतो. हे डिफॉल्ट आहे, डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहिलेलं आहे. दिवसा तक्रारींच्या ओघात मिनिटभर शांतता मिळतच नाही, रात्री मिळते. होस्टिंगवाल्यांना माफीचा मेल मी पाठवला नाही. पाठवायला हवा होता.

टाइमआउट तासाभराचा केला, ठिपका स्थिर झाला आणि मी हात झटकले. चूक इथेच झाली.

चौथ्या महिन्यात एका दुपारी सपोर्टच्या वरिष्ठ ताई माझ्या टेबलाशी आल्या. ‘अरे, सकाळपासून माझ्याकडे एकही तक्रार नाही. लोक सुखात आहेत की तुझं काही बिघडलंय?’ जाऊन बघतो तर ठिपका हिरवागार. पान रिफ्रेश केलं, तेवीस तक्रारी धाडकन उतरल्या.

झालं होतं असं, की सकाळी मधला राउटर रीस्टार्ट झाला आणि त्याच्या नॅट टेबलातली (कुठलं कनेक्शन कुणाचं याची यादी) आमची नोंद पुसली गेली. सर्व्हर बिचारा पाठवत राहिला, पोच येईना म्हणून काही वेळाने त्याने नाद सोडला. पण हे ब्राउझरला सांगणार कोण? ताईंच्या स्क्रीनवरून सर्व्हरकडे काही जातच नव्हतं, त्यामुळे रस्ता बंद झाल्याचं कळायला मार्गच नव्हता. ब्राउझरच्या लेखी कनेक्शनची अवस्था, म्हणजे रेडीस्टेट, एक, म्हणजे उघडं. माझा ठिपका त्याच्यावरच विसंबलेला.

प्रोटोकॉलमध्ये ‘आहेस का?’ विचारणारा पिंग आणि ‘आहे’ म्हणणारा पाँग आहेत हो! सर्व्हरने पिंग पाठवला की ब्राउझर आपोआप पाँग देतो. पण पानावरच्या जावास्क्रिप्टला यातलं काही दिसत नाही आणि तिला स्वतः पिंग पाठवायचीही सोय नाही. दाराची बेल वाजते, कुणीतरी आतून ओ देतं, आणि घरमालकाला पत्ताच नाही. इतक्या वर्षांत ही एक खिडकी उघडायला काय हरकत होती, कळत नाही. मग ‘मी जिवंत आहे’ सांगणाऱ्या ठोक्यांचे साधे संदेश स्वतःच लिहा. मी लिहिले, ब्राउझरकडून दर २५ सेकंदांनी. तर नवीनच तमाशा. टॅब मागे पडला की काही मिनिटांनी ब्राउझर टायमर मिनिटाला एकदाच चालवतो, ठोका उशिरा येतो, आणि माझा सर्व्हर चांगल्या कनेक्शनला मेलं समजून हाकलतो.

इथपर्यंतचा मजकूर सहाव्या महिन्यात लिहून ठेवला होता. त्याचा शेवट होता, ‘लायब्ररीच्या नादी लागू नका, उगाच वजन.’ ते वाक्य मागे घेतो. ठोक्याची ही दिशेची भानगड सॉकेट.आयओ या तयार लायब्ररीने तिसऱ्या आवृत्तीत, २०२० मध्येच, उलटी करून सोडवली होती. तिथे ठोका सर्व्हर देतो. मी तेच शोधून काढायला पाच आठवडे घालवले. शिवाय पुन्हा जोडणं, खोल्या (ठरावीक गटालाच संदेश पाठवणं), पोचपावती हे सगळं लिहून बसलो होतो, म्हणजे अर्धी लायब्ररी, तीही वाईट. एक मात्र ध्यानात ठेवा, तिचा प्रोटोकॉल वेगळा आहे. साधा वेबसॉकेट क्लायंट तिच्या सर्व्हरला जोडता येत नाही.

बाकीचं भरभर सांगतो. वेबसॉकेट उघडताना ब्राउझरमधून ऑथरायझेशन हेडर लावता येत नाही. मी ओळख पटवणारं टोकन पत्त्यात (यूआरएलमध्ये) घातलं, ते ॲक्सेस लॉगमध्ये उघडंनागडं सापडलं. आता कुकी, आणि सोबत ओरिजिनची, म्हणजे विनंती कुठल्या साइटवरून आली याची, तपासणी. ती विसरलात तर दुसरी साइट तुमच्या माणसाच्या नावाने कनेक्शन उघडू शकते. सर्व्हरवर नवा कोड चढवला (डिप्लॉय केलं) की चाळीसही जण त्याच सेकंदाला परत दार ठोठावतात, म्हणून पुन्हा जोडण्याच्या वेळेत थोडी यादृच्छिक भर घाला. आणि तुटलेल्या काळातले संदेश कुणी साठवत नाही. शेवटचा क्रमांक सांगून साध्या रिक्वेस्टने उरलेले मागवावे लागतात.

हे शेवटचं लिहिताना जरा ओशाळलो. सर्व्हर-सेंट इव्हेंट्समध्ये, म्हणजे सर्व्हरकडून ब्राउझरकडे एकतर्फी संदेश पाठवायच्या सोयीत, पुन्हा जोडणं आणि शेवटचा क्रमांक कळवणं, दोन्ही आयतं मिळतं. माझी वाहतूक जवळजवळ एकतर्फी. तक्रार उचलायला एक पोस्ट रिक्वेस्ट पुरली असती. एचटीटीपी १.१ वर एका डोमेनला सहाच कनेक्शन मिळतात आणि आमची माणसं दहा टॅब उघडतात, पण एचटीटीपी २ वर तीही अडचण नाही. आज नव्याने सुरुवात केली असती तर तिकडेच गेलो असतो. आता बदलणार नाही. आठ महिने घातलेत, जीव होत नाही.

ठिपका आता ४५ सेकंद सर्व्हरचा ठोका आला नाही की पिवळा होतो आणि कनेक्शन स्वतः तोडून नव्याने जोडतो. गेल्या सहा आठवड्यांत एकदाही खोटं बोललेला नाही. ताई मात्र रोज सकाळी आल्या आल्या दोनदा एफ-५ दाबतात.