सीएचडी, आरव्हीझेड, सीएसओ की पीबीपी? जुन्या प्लॅटफॉर्म गेमच्या डिस्क कशात साठवाव्यात

स्वतःकडच्या जुन्या डिस्क संगणकावर उतरवायला घेतल्या की जागा भराभर संपते. ७४ मिनिटांच्या सीडीची पूर्ण कच्ची प्रत सुमारे ७८३ एमबी होते, निन्टेंडोच्या गेमक्यूब कन्सोलची डिस्क १.४६ जीबी आणि वी कन्सोलची ४.७ जीबी. त्यामुळे कॉम्प्रेस करायचं, हे ठरलेलंच. कशात करायचं, हे ठरवताना मात्र आकाराच्या आधी एक गोष्ट तपासा: या फाइलमधून मूळ प्रत बाइट-न्-बाइट परत निघते का? निघत असेल तर तो फॉरमॅट जतनाला चालेल. नसेल तर तो फक्त खेळण्यापुरता.

सीडीवरचे गेम

इथे खरी लढत सीएचडी आणि पीबीपी यांच्यात आहे. आयएसओ, म्हणजे डिस्कवरचा नुसता डेटा ठेवणारी प्रत, स्पर्धेतच नाही. सीडीचा प्रत्येक सेक्टर, म्हणजे डेटाचा ठरावीक कप्पा, २३५२ बाइटचा असतो आणि आयएसओ त्यातले फक्त २०४८ ठेवते. प्लेस्टेशनच्या गेममधला चालता आवाज आणि व्हिडिओ ज्या सेक्टरांत असतो, त्यांत २३२४ बाइट कामाचे असतात, म्हणजे तिथे कात्री लागते. ऑडिओ ट्रॅकना तर आयएसओत जागाच नाही. ‘रेमन’ (१९९५) किंवा मेगा-सीडीवरचा ‘सॉनिक सीडी’ (१९९३) यांचं संगीत साध्या ऑडिओ ट्रॅकांत आहे. त्यांची आयएसओ केली तर गेम सुरू होतो, पण संगीताविना. पुष्कळ लोक मग इम्युलेटरलाच, म्हणजे संगणकावर कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामलाच, दोष देतात.

म्हणून सुरुवात बिन (डिस्कचा कच्चा डेटा) आणि क्यू (ट्रॅकांची मांडणी सांगणारी मजकूर फाइल) या जोडीपासून करावी आणि तिचं सीएचडी करावं. सीएचडी हा मेम या आर्केड इम्युलेटर प्रकल्पाचा फॉरमॅट. त्यात आठ-आठ सेक्टरांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा वेगळा कॉम्प्रेस होतो. डेटासाठी एलझेडएमए किंवा झेडलिब, ऑडिओसाठी फ्लॅक, आणि तुकड्यागणिक जे लहान निघेल ते ठेवलं जातं. शिवाय सिंकचे १२ आणि चूक-दुरुस्तीचे २७६ बाइट पुन्हा गणित करून काढता येत असतील, तर ते साठवलेच जात नाहीत. गणित जुळलं नाही तर सेक्टर आहे तसा राहतो, त्यामुळे काहीही हरवत नाही. हवा तो तुकडा तेवढाच उलगडता येत असल्याने गेम थेट सीएचडीवरून चालतो. सेव्हनझिपचं तसं नाही, तिथे आधी सगळं बाहेर काढावं लागतं.

किती बचत होईल, हे गेमवर अवलंबून. डिस्कवरची बरीच जागा नुसत्या शून्यांनी भरलेली असेल तर फाइल झपाट्याने आटते. व्हिडिओ आणि चालता आवाज आधीच कॉम्प्रेस केलेला असतो, त्यामुळे असे गेम फारसे कमी होत नाहीत.

काम सोपं आहे. मेमसोबत येणाऱ्या सीएचडीमॅन या साधनाला ‘क्रिएटसीडी’ आज्ञा द्या, इनपुट म्हणून क्यू फाइल द्या. बिन फाइल देऊ नका, ट्रॅक कुठे सुरू होतो हे क्यूमध्येच लिहिलेलं असतं. बिन फाइलचं नाव बदललं असेल तर क्यू फाइल नोटपॅडमध्ये उघडून आतलं नावही बदलायला हवं. लिनक्सवर लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा फरकसुद्धा आडवा येतो.

युरोपीय, म्हणजे पीएएल आवृत्त्यांपाशी जरा थांबा. त्यांतल्या काहींवर लिबक्रिप्ट हे नक्कल-विरोधी संरक्षण आहे. ‘स्पायरो: इयर ऑफ द ड्रॅगन’ (२०००) हा त्यांतलाच. त्याची खूण सबचॅनेलमध्ये, म्हणजे मुख्य डेटाबाहेरच्या जादा माहितीत, असते आणि साध्या बिन-क्यूमध्ये ती येतच नाही. तिच्यासाठी छोटी एसबीआय फाइल लागते, ती सीएचडीच्या शेजारी त्याच नावाने ठेवायची. ती हरवली की गेम सुरू होऊनही पुढे कुठेतरी अडतो किंवा बिघडतो.

पीबीपी हा सोनीने पीएसपी या हातातल्या कन्सोलसाठी आणलेला प्रकार. अनेक डिस्क एका फाइलीत बसतात, ही त्याची सोय. पण ऑडिओ ट्रॅक असलेल्या गेमबाबत त्याची खात्री देता येत नाही, आणि मूळ ट्रॅकांची मांडणी त्यातून तशीच परत मिळवणं अवघड. प्रत्यक्ष पीएसपी किंवा तिच्यानंतरच्या व्हिटावर खेळणार असाल तर पीबीपी करा, पण मूळ प्रत वेगळी ठेवा. अनेक डिस्कच्या सोयीसाठी सीएचडीसोबत एमथ्रीयू यादी पुरते: साध्या मजकूर फाइलीत एका ओळीवर एका डिस्कचं नाव.

मूळ बिन पुसण्याआधी

सीएचडीमॅनची ‘व्हेरिफाय’ आज्ञा फाइल आतून शाबूत आहे का, एवढंच सांगते. मूळ प्रतच सदोष असेल तर तो दोषही इमानेइतबारे जपला जातो. त्यामुळे बिनचा हॅश (फाइलीतल्या डेटावरून काढलेला ओळख-आकडा) आधी रिडंप या डिस्क-नोंदींच्या संकेतस्थळाशी जुळवा. ऑडिओ ट्रॅकांचा हॅश जुळत नसेल, तर बहुतेकदा ड्राइव्हचा रीड ऑफसेट, म्हणजे वाचन पुढे-मागे सुरू होण्याचा फरक, दुरुस्त न केल्याने आवाजाचे नमुने थोडे सरकलेले असतात. गेम नीट चालतो, प्रत मात्र अचूक नसते. बाजारातून घेतलेल्या सीडी-आर प्रतींकडून तर जुळण्याची अपेक्षाच ठेवू नये.

मग ‘एक्स्ट्रॅक्टसीडी’ने उलट प्रवास करून पाहा. नेहमीच्या पद्धतीने सगळे ट्रॅक एकाच बिनमध्ये येतात, त्यामुळे बहुट्रॅक गेमचा हॅश जुळत नाही आणि उगाच घाबरायला होतं. नव्या आवृत्तीतला ‘स्प्लिटबिन’ पर्याय वापरला की ट्रॅक वेगवेगळे निघतात.

प्लेस्टेशन २ आणि पीएसपी

डीव्हीडीच्या आयएसओला ‘क्रिएटडीव्हीडी’ वापरा. प्लेस्टेशन २चे काही गेम सीडीवर आले होते, त्यांना मात्र ‘क्रिएटसीडी’च. डीव्हीडीच्या सीएचडीत नोंदलेला डेटा एसएचए-१ हा मूळ आयएसओचाच असतो, म्हणजे फाइल न उलगडता रिडंपशी ताडून पाहता येतं. ‘क्रिएटसीडी’ला ही सोय नाही.

सीएसओ हा आयएसओचा कॉम्प्रेस केलेला जुना प्रकार, झेडलिबवर चालणारा. झेडएसओ एलझेड४वर, म्हणून थोडा मोठा पण उलगडायला हलका. पीसीएसएक्स२ हा प्लेस्टेशन २चा इम्युलेटर सीएचडी, सीएसओ आणि झेडएसओ हे तिन्ही वाचतो. संगणकावर खेळणाऱ्यासाठी सीएचडी सरस. पीएसपीचा इम्युलेटर पीपीएसएसपीपी १.१७ आवृत्तीपासून सीएचडी वाचतो, फक्त फाइल बनवताना हंकचा, म्हणजे तुकड्याचा, आकार २०४८ बाइट द्यावा. खऱ्या पीएसपीवर सानुकूल फर्मवेअर (सोनीबाहेरच्यांनी बदललेली प्रणाली) असेल तर सीएसओच उपयोगी.

गेमक्यूब आणि वी

इथे डॉल्फिन या गेमक्यूब-वी इम्युलेटरच्या आरव्हीझेड फॉरमॅटला तोड नाही. ‘सुपर मारिओ सनशाइन’ (२००२) असो वा ‘सुपर मारिओ गॅलक्सी’ (२००७), या डिस्कवरची मोकळी जागा शून्यांनी नव्हे, तर यादृच्छिक भासणाऱ्या कचऱ्याने भरलेली असते. साधं कॉम्प्रेशन तिथे हतबल होतं. तो कचरा एका ठरावीक सूत्रातून निघतो, म्हणून आरव्हीझेड फक्त बीज साठवतो आणि गरज पडली की सगळा पुन्हा तयार करतो. वीच्या डिस्कचं एन्क्रिप्शनही काढून ठेवतो आणि परत लावतो. डॉल्फिनचाच जुना फॉरमॅट जीसीझेड हे करत नाही, त्यामुळे वीच्या पूर्ण प्रती त्यात जवळपास कमी होतच नाहीत. वीच्या प्रतींचा डब्ल्यूबीएफएस हा प्रकार लहान होतो खरा, पण कचरा फेकून देऊन. जतनासाठी तो बाद.

डॉल्फिनमध्ये गेमवर उजवी क्लिक करून रूपांतर निवडा. १२८ केआयबी ब्लॉक आणि झेडस्टॅंडर्ड पातळी ५ हे आधीपासूनचे पर्याय बदलायची गरज नाही. गुणधर्मांतल्या पडताळणीत मूळ प्रतीचा हॅशही मिळतो. या डिस्क संगणकाच्या साध्या ड्राइव्हवर वाचल्या जात नाहीत. वी कन्सोलवर क्लीनरिप हा प्रोग्राम चालवून प्रत काढावी लागते. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या मर्यादेमुळे वीची प्रत तुकड्यांत येते. ते तुकडे क्रमाने जोडल्यावरच रूपांतर करा.

इम्युलेटरऐवजी खरं यंत्र

जुन्या कन्सोलची सर्किट चिपमध्ये उभारणाऱ्या मिस्टरवरचे प्लेस्टेशन, सॅटर्न आणि मेगा-सीडी कोर (त्या-त्या कन्सोलची प्रतिकृती) सीएचडी वाचतात. प्लेस्टेशनमध्ये डिस्क ड्राइव्हच्या जागी बसणाऱ्या एक्सस्टेशनला मात्र बिन-क्यू लागते, आणि प्लेस्टेशन २वरच्या ओपीएल या गेम चालवणाऱ्या प्रोग्रामला आयएसओ किंवा नव्या आवृत्त्यांत झेडएसओ. अशा वेळी साठा सीएचडीत ठेवा आणि जो गेम खेळायचा तेवढाच उलगडून कार्डावर घ्या.