जुन्या शिक इंजेक्टरची ब्लेडं: वर्षभर वापरल्यानंतर

इंजेक्टर रेझरच्या ब्लेडांत निवडीला फारसा वाव नसतो. दोन्ही बाजूंनी धार असलेली आपली नेहमीची ब्लेडं रशियन, जपानी, इजिप्शियन, भारतीय अशी कितीतरी मिळतात. इंजेक्टरची मात्र चार-पाच नावं घेतली की यादी संपते. या चार-पाचांत फरक आहे आणि तो गालाला कळतोही. पण वर्षभर वापरल्यावर माझं ठाम मत झालं आहे की ब्लेडाच्या नावापेक्षा ते ज्या डोक्यात बसतं त्या डोक्याची स्थिती जास्त महत्त्वाची असते. ब्लेडाच्या नावावर खपणाऱ्या निम्म्याअधिक तक्रारी मुळात रेझरच्या स्प्रिंगच्या असतात.

ज्यांनी हा रेझर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. १८७७ मध्ये आयोवात जन्मलेल्या जेकब शिक या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याला रिपीटिंग रायफलच्या मॅगझिनवरून ही कल्पना सुचली: गोळ्यांसारखी ब्लेडं एकावर एक रचून ठेवायची आणि दट्ट्या सरकवून एकेक पुढे ढकलायचं. बोटं धारेपर्यंत जायलाच नकोत. त्याच्या कंपनीचं नावही ‘मॅगझिन रिपीटिंग रेझर कंपनी’ असंच होतं. पहिला रेझर १९२६ मध्ये बाजारात आला. त्यात ब्लेडं दांड्यातच भरलेली असत. पुढच्या मॉडेलांत ती वेगळ्या चपट्या डबीत गेली. त्या डबीचं नाव इंजेक्टर, आणि तेच पुढे रेझरलाही चिकटलं. शिकने या धंद्यातला आपला हिस्सा विकून विजेच्या रेझरमागे पैसा लावला. १९४६ मध्ये पेनं बनवणाऱ्या एव्हरशार्पने ही कंपनी घेतली.

माझ्याकडचा रेझर त्या एव्हरशार्पच्या काळातला ‘जी’ प्रकारचा आहे: सोनेरी मुलाम्याचं छोटं डोकं आणि हस्तिदंती रंगाचा दांडा. मी न्यू जर्सीत राहतो. इथून जवळच लॅम्बर्टव्हिलला जुन्या वस्तूंचा मोठा बाजार भरतो, तिथे तो वीस डॉलरच्या आत मिळाला. सोबत त्या काळातली धातूची रिकामी इंजेक्टर डबीही होती. ती डबी फेकू नका असं मी प्रत्येकाला सांगतो, कारण पुढे सांगतो.

विकत घेण्याआधी तीन गोष्टी बघाव्यात. डोक्याच्या आत पोलादी पट्टीची स्प्रिंग असते. तीच ब्लेडाला वरून दाबून धरते. ती गंजलेली किंवा सैल पडलेली असेल तर जगातलं कुठलंही ब्लेड त्यात नीट कापणार नाही, दाढी करताना ते किंचित हलेल आणि त्वचा खरवडेल. ब्लेड घातल्यावर जाड कागदाच्या कडेने ते हळूच मागे ढकलून बघा, जागचं हलता कामा नये. दुसरं, दोन्ही टोकांना ब्लेड अडवणारे बारीक थांबे असतात. धार या टोकापासून त्या टोकापर्यंत पुढच्या कडेशी समांतर दिसली पाहिजे. एका बाजूने जास्त बाहेर असेल तर त्या बाजूने आग होणारच. तिसरं, ब्लेड घालताना डबीच्या टोकाला असलेली किल्ली जिथे शिरते ते भोक साबणाने बुजलेलं नसावं. भोक बुजलं असेल तर कोमट पाणी, भांडी घासायचं द्रव आणि जुना टूथब्रश एवढ्यावर काम होतं. मात्र असा रेझर उकळत्या पाण्यात टाकू नका. जुने दांडे तडकतात आणि तडकलेल्या दांड्याला इलाज नाही.

आता ब्लेडं. इंजेक्टरचं ब्लेड साधारण दीड इंच लांब, एकाच बाजूला धार असलेलं आणि ०.२५ मिलिमीटर जाड असतं. आपलं दुधारी ब्लेड ०.१० मिलिमीटरचं असतं, म्हणजे हे त्याच्या अडीचपट जाड. दुधारी ब्लेड इतकं पातळ असतं की त्याला ताठपणा यावा म्हणून डोक्यात वाकवून धरावं लागतं. इंजेक्टरचं ब्लेड सपाटच बसतं आणि स्वतःच्या जाडीवर ताठ राहतं. हनुवटीवरच्या राठ केसांत पातळ ब्लेड थरथरतं, हे थरथरत नाही. आपल्याकडच्या दाट, जाड दाढ्यांना हा फरक पहिल्या हातातच जाणवतो.

मी सर्वांत जास्त वापरली ती पर्सोनाची ब्लेडं. पहिल्याच दाढीपासून गुळगुळीत, आणि हा गुळगुळीतपणा चार-पाच दाढ्यांपर्यंत टिकतो. शिकची स्वतःची ब्लेडं औषधांच्या दुकानांतही मिळतात. त्यांची धार सुरुवातीला थोडी जास्त बोलकी वाटते, दुसऱ्या दाढीपासून ती बसते आणि मग उत्तम चालते. तीन दिवसांची दाढी वाढलेली असेल तर मी शिकचं नवं ब्लेड घालतो, रोजच्या दाढीला पर्सोना. गंमत म्हणजे ही एकेकाळची दोन स्पर्धक नावं पुढे एकाच घरात आली: शिक २००३ मध्ये बॅटऱ्या बनवणाऱ्या एनर्जायझरकडे गेली, आणि पर्सोना बनवणारी अमेरिकन सेफ्टी रेझर कंपनीही त्यांनीच २०१० मध्ये घेतली.

कॅलिफोर्नियात टेड पेला नावाची कंपनी आहे, सूक्ष्मदर्शकाच्या प्रयोगशाळांना लागणारं सामान विकणारी. प्रयोगशाळेत पातळ काप काढायला ब्लेडं लागतात, म्हणून त्यांच्या यादीत इंजेक्टरची ब्लेडंही असतात, आणि जुन्या रेझरचे शौकीन ती आवर्जून मागवतात. मागवताना कोटिंग बघूनच घ्यावीत. पीटीएफई म्हणजे तव्यावर असतो तोच टेफ्लॉनचा थर. तो धारेवर असला की केस कापताना ओढ लागत नाही. कारखान्यातल्या किंवा प्रयोगशाळेतल्या कामासाठी बनलेल्या बऱ्याच ब्लेडांना तो नसतो. कोटिंग नसलेलं ब्लेड धारदार असूनही चेहऱ्यावर अडखळतं. मी एका विक्रेत्याकडून नाव नसलेली स्वस्त ब्लेडं मागवली होती. त्यांत एकाच पाकिटातल्या दोन ब्लेडांच्या धारेत जाणवण्याइतका फरक होता. ती मी आता टेप आणि खोकी कापायला ठेवली आहेत.

नाव वाचून मागवणाऱ्यांनी एका बाबतीत फार सावध राहावं. ‘शिक प्रोलाइन’ नावाची जपानी ब्लेडं दिसायला अगदी इंजेक्टरसारखी असतात आणि त्यांवर नावही शिकचंच असतं. पण ती न्हाव्यांच्या वस्तऱ्यांसाठी, फेदर या जपानी कंपनीच्या ‘आर्टिस्ट क्लब’ वस्तऱ्याच्या मापाची आहेत, लांबीला जास्त. इंजेक्टरमध्ये ती बसत नाहीत. तसंच जेम रेझरची ब्लेडं: त्यांच्या पाठीला दुमडलेला जाड पत्रा असतो, ती तर शिरणारच नाहीत. हार्डवेअरच्या दुकानात रंग खरवडायला मिळणारी ‘सिंगल एज’ ब्लेडं याच जातीची. पाकिटावर ‘इंजेक्टर’ हा शब्द स्पष्ट असेल तरच पैसे द्यावेत.

जुन्या वस्तूंच्या बाजारात साठ-सत्तर वर्षांपूर्वीची न उघडलेली पाकिटं हमखास दिसतात. त्यांवरची अक्षरं, रंग, सगळं फार देखणं असतं आणि मोह होतो. ठेवायला घ्या, दाढीला घेऊ नका. स्टेनलेस ब्लेडांनी बाजार व्यापला तो १९६० च्या दशकात. त्याआधीची ब्लेडं कार्बन स्टीलची असत, तेल लावून बंद केलेली. इतक्या वर्षांत तेल सुकतं, धारेवर डोळ्यांना न दिसणारा गंज चढतो, आणि ती धार गालावर ओरखडे काढते.

ब्लेड बदलणं हा या रेझरचा खरा आनंद आहे. डबीच्या टोकाची किल्ली डोक्याच्या बाजूच्या भोकात पूर्ण आत सारायची. ती स्प्रिंग थोडी उचलते. मग दट्ट्या एकाच सलग हाताने शेवटपर्यंत सरकवायचा. नवं ब्लेड आत जातं आणि जुनं दुसऱ्या बाजूने बाहेर पडतं. मध्येच थांबलात तर ब्लेड अर्धवट अडकतं, म्हणून अजिबात थांबायचं नाही. दट्ट्या मागे घेतल्यावरच किल्ली बाहेर काढायची. त्यानंतर दोन्ही टोकांकडे एकदा बघायचं, ब्लेड कुठे बाहेर डोकावत नाही ना. नवं ब्लेड घातल्यावर गरम पाण्याची धार त्यावरून जाऊ द्यावी, त्यावर तेलाचा पातळ हात असतो.

आणि आता त्या जुन्या रिकाम्या डबीबद्दल. आजच्या काही डब्यांची किल्ली प्रत्येक जुन्या रेझरमध्ये नीट बसेलच असं नाही. अशा वेळी जुन्या डबीच्या धातूच्या किल्लीने स्प्रिंग उचलून धरायची आणि नवं ब्लेड दोन टोकांना पकडून हाताने बाजूने सरकवायचं. थोडी सवय लागते, पण एकदा हात बसला की ब्लेड कुठल्या डबीतून आलं याची फिकीर उरत नाही.

दाढी करताना दुधारी रेझरची सवय थोडी मोडावी लागते. इंजेक्टरचं डोकं सपाट असतं. ते गालावर जवळजवळ आडवं टेकवायचं, दांडा चेहऱ्याच्या जवळ ठेवायचा आणि दाब द्यायचा नाही. पहिला हात सुलट, दुसरा आडवा. उलटा हात मी फक्त गालांवर मारतो. गळ्यावर, विशेषतः घाटीच्या बाजूला, उलट्या हाताने केस आत वळून फुटायचा धोका असतो. ब्लेड जाड असल्यामुळे ते माफ करत नाही. कोन चुकला तर लगेच आग होते, म्हणून नवीन माणसाने पहिला आठवडा सुलट हातावरच थांबावं. शेवटी ओली तुरटी फिरवली की कुठे किती चुकलं ते तीच सांगते.

हा रेझर सर्वांत जास्त शोभतो तो मिशीच्या कामाला. डोकं इतकं लहान आहे की नाकाखाली थेट जातं आणि धारेची रेघ डोळ्यांना दिसते. मिशीची खालची कड आणि कल्ले सरळ कोरायला माझ्या माहितीत याच्याइतकं सोयीचं साधन नाही. तीन-चार पात्यांच्या कार्ट्रिजने मिशी कोरणाऱ्यांनी हे एकदा करून बघावं.

ब्लेड किती चालतं? माझ्या राठ दाढीला आठवडाभर सहज, शिकचं कधी त्याहून दोन-तीन दाढ्या जास्त. केस ओढल्यासारखा वाटला की त्याच दिवशी बदलायचं, आणखी एक दाढी निघेल म्हणून ताणायचं नाही. मधे स्वच्छ करायला ब्लेड बाहेर काढू नका. गरम पाण्याखाली धरून झटकणं पुरेसं आहे. टॉवेलने धार पुसू नका, कोटिंग तिथेच जातं. वापरलेली ब्लेडं मी घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकतो. इथल्या जुन्या घरांत न्हाणीघरातल्या कपाटाला मागे एक फट असायची, ब्लेड त्यातून थेट भिंतीच्या पोकळीत पडायचं. अशा घरांची डागडुजी करताना अजूनही गंजक्या ब्लेडांचे ढीग सापडतात.

खर्चाचं म्हणाल तर एक ब्लेड मला अर्धा ते एक डॉलर पडतं. भारतात दुधारी ब्लेड काही रुपयांत मिळतं, त्या हिशेबाने हे महाग आहे. पण चार पात्यांच्या कार्ट्रिजशी तुलना केली तर बरंच स्वस्त. पुण्यात किंवा नागपुरात कोपऱ्यावरच्या दुकानात ही ब्लेडं मिळणार नाहीत, ऑनलाइन किंवा येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाकडून मागवावी लागतात. भारतात बनणाऱ्या पार्करच्या रेझरमध्ये इंजेक्टर प्रकारही आहे आणि त्यांची ब्लेडंही आहेत, त्यामुळे तिथल्या शौकिनांनी आधी तिकडे चौकशी करावी. कोणी आणून देणार असेल तर त्याला आधीच सांगा की ही डबी केबिनच्या पिशवीत चालत नाही, चेक-इन सामानातच ठेवावी लागते. आणि पहिल्यांदा एकाच कंपनीचा साठा मागवू नका. पर्सोनाचं एक आणि शिकचं एक पाकीट घ्या, प्रत्येकाचं तिसऱ्या-चौथ्या दाढीला काय होतं ते बघा, मग मोठी मागणी करा.