जुन्या विटांच्या घरात गॅस बॉयलर की हीट पंप?
इंग्लंडमधील व्हिक्टोरियन काळातील, म्हणजे एकोणिसाव्या शतकातील, घरांच्या भिंती बहुधा नऊ इंच जाडीच्या भरीव विटांच्या असतात; त्यांत पोकळी नसल्यामुळे उष्णतारोधक थर मध्ये भरता येत नाही, आणि जानेवारीत खिडकीच्या चौकटीजवळ हात नेला तर गार वाऱ्याची धार बोटांना जाणवते. अशा घरात गॅस बॉयलर, म्हणजे गॅस जाळून पाणी तापवणारे यंत्र, 60 ते 70 अंशांचे पाणी रेडिएटरमध्ये (खोलीत बसवलेल्या, गरम पाण्याने तापणाऱ्या धातूच्या पॅनेलमध्ये) सोडून खोली लवकर उबदार करतो, ही त्याची खरी जमेची बाजू आहे. हीट पंप विजेवर चालून बाहेरच्या हवेतील उष्णता आत आणतो, तिने रेडिएटरचे पाणी तापवतो व एक युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता देतो. मात्र पाणी 55 अंशांपर्यंत न्यावे लागले की ही कार्यक्षमता घसरते, आणि तेथे वीज गॅसच्या जवळपास चौपट महाग असल्याने बिलात बचत उरत नाही.

तरीही जुन्या घराला हीट पंप नकोच, हे मत मला मान्य नाही. प्रत्येक खोलीतून किती उष्णता निसटते ते मोजून मोठे रेडिएटर बसवले, माळ्यावर जाड रोधक थर घातला आणि फटी बुजवल्या, तर अनेक घरांत 45 अंशांचे पाणीही पुरते. पंप मात्र संथपणे, जवळजवळ दिवसभर चालू ठेवावा लागतो. बॉयलर अचानक बंद पडला म्हणून घाईघाईने पंप बसवणे मला धोक्याचे वाटते, कारण ही मोजणी नेमकी तेव्हाच राहून जाते.