कमी किमतीची .२२ बोल्ट अ‍ॅक्शन रायफल: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा सोलापुरातील अनुभव

मागच्या दिवाळीच्या सुमारास घेतलेली देशी बनावटीची .२२ बोल्ट अ‍ॅक्शन रायफल (०.२२ इंची नळीची, दर गोळीला मागचा बोल्ट म्हणजे दांडा हाताने मागेपुढे करायची) मी यंदाचा पावसाळा अर्धा सरेपर्यंत नियमित वापरली आहे आणि तिच्याविषयी सविस्तर लिहिण्याइतका अनुभव आता गाठीशी जमला आहे. कारखान्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझ्या हाताखालून एकच नग गेला आहे आणि एका नगावरून कारखान्याची परीक्षा करणे अन्यायाचे होईल. या किमतीच्या रायफलीकडून किती अचूकता मिळते, ती कुठे अडते आणि पुढचा पैसा कशात घालावा, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. माझे मत आधीच नोंदवतो: नळी अपेक्षेपेक्षा चांगली निघाली, दस्ता (रायफलीचा लाकडी भाग) आणि चाप यांच्यावर काम करावे लागले, आणि रायफल घेण्याआधी काडतुसांचा हिशेब मांडणे सर्वांत आवश्यक आहे.

माझा वापर ५० मीटरवर पालथे झोपून, म्हणजे प्रोन पद्धतीने केलेल्या सरावापुरता आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन (गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून नेम) प्रकारात कांस्यपदक जिंकल्यापासून आमच्याकडेही अनेक तरुण या प्रकाराची चौकशी करू लागले आहेत. मात्र त्या पातळीवरच्या परदेशी मॅच, म्हणजे स्पर्धेच्या दर्जाच्या, रायफली काही लाखांच्या घरात जातात आणि त्या आयात करण्याची सवलत प्रामुख्याने ठरावीक पात्रता गाठलेल्या नेमबाजांना मिळते. त्यामुळे सर्वसामान्य परवानाधारकापुढे देशी रायफल किंवा जुनी, दुसऱ्या हाताची परदेशी रायफल हेच पर्याय उरतात. परवान्याची प्रक्रिया शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांनुसार चालते. सोलापूर शहरात अर्ज पोलीस आयुक्तालयाकडे आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयाकडे करावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली असली, तरी एका व्यक्तीला साधारणपणे दोनच शस्त्रे बाळगता येतात, त्यामुळे त्यांतील एक जागा कशासाठी वापरायची याचा विचार नीट करावा. शेतातल्या रानडुकरांसाठी ही रायफल चालेल का, असे मला बार्शी आणि मोहोळ भागातील परिचितांनी विचारले आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मुळे तो विषय वनखात्याच्या परवानगीचा आहे आणि .२२ ची गोळी त्या कामाची मुळीच नाही, एवढेच उत्तर मी देतो.

आता अचूकतेकडे वळतो. बाकावर पुढे वाळूची पिशवी आणि दस्त्याखाली बाजरी भरलेली लहान पिशवी ठेवून, दहा-दहा गोळ्यांचे गट मारायचे आणि सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या मध्यांमधले अंतर मोजायचे, ही पद्धत मी सुरुवातीपासून ठेवली. तीन गोळ्यांचा गट दाखवून रायफलीची स्तुती करणारे बरेच भेटतात, पण त्याच रायफलीचा तीन गोळ्यांचा गट सरासरीने दहा गोळ्यांच्या गटाच्या दोन तृतीयांशाच्या आसपासच भरतो. त्यामुळे तुलना करताना गट किती गोळ्यांचा होता, हे विचारल्याशिवाय कोणत्याही आकड्यावर विश्वास ठेवू नये.

सहज मिळणाऱ्या देशी काडतुसांनी माझे गट ३८ ते ४५ मिलिमीटरच्या दरम्यान राहिले. साध्या दर्जाच्या आयात केलेल्या स्टँडर्ड वेगाच्या काडतुसांनी ते २५ मिलिमीटरपर्यंत आले आणि मॅच दर्जाच्या एका लॉटने (एकाच वेळी बनवलेल्या काडतुसांच्या खेपेने), शांत हवेत, १८ ते २० मिलिमीटरचे गट दिले. हे आकडे टार्गेटवर ठेवून पाहिले म्हणजे त्यांचा अर्थ लागतो. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे आणि नवाचे २६.४ मिलिमीटरचे असते. गोळीचा कडा रेषेला टेकला तरी वरचा गुण मिळतो आणि गोळीचा व्यास सुमारे ५.६ मिलिमीटर असतो. म्हणजे गोळीचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत पडला तरी दहा गुण पदरात पडतात. १६ मिलिमीटरचा गट नेमका मध्यावर बसला तर सगळे दहा येतील, आणि माझी रायफल चांगल्या काडतुसांवर त्याच्या फार दूर नाही. या किमतीत मला याहून अधिक अपेक्षा नव्हती. नेमबाजाच्या स्वतःच्या चुका वजा केल्या तर जिल्हा पातळीवरच्या स्पर्धेत ही रायफल कोणालाही मागे खेचणार नाही, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणू शकतो.

काडतुसांमुळे एवढा फरक का पडतो, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. .२२ लाँग रायफल हे रिमफायर काडतूस आहे. पेट घेणारे मिश्रण बुडाच्या कडेच्या पोकळीत फिरवून भरलेले असते आणि ते सगळीकडे सारखे बसले नाही तर दर गोळीचा वेग बदलतो. वेगात सेकंदाला केवळ १० मीटरचा फरक पडला तरी ५० मीटरवर गोळी सात-आठ मिलिमीटर वर किंवा खाली पडते. हा दोष नेम कितीही स्थिर धरला तरी भरून निघत नाही. माझ्या देशी काडतुसांच्या गटांत छिद्रे उभी पसरलेली दिसत, आडवी फारशी नाहीत, आणि त्यावरूनच मूळ कारण वेगातील चढउतार असल्याचा अंदाज आला. जास्त वेगाची काडतुसे घेऊ नयेत, हेही सांगतो. ती नळीतून ध्वनीपेक्षा अधिक वेगाने सुटतात आणि वाटेत वेग त्या मर्यादेखाली उतरताना गोळी डळमळण्याचा धोका असतो, तर सेकंदाला ३२० ते ३३० मीटर वेगाची गोळी मुळातच ध्वनीच्या वेगाखाली राहते. एली, आरडब्ल्यूएस, लापुआ या परदेशी कंपन्यांची मॅच काडतुसे देशी काडतुसांच्या कितीतरी पट महाग पडतात. म्हणून मी रोजच्या सरावासाठी देशी काडतुसे वापरतो, कारण श्वास, खांदा आणि चाप यांची शिस्त त्यांवरही बसते; आयात केलेला लॉट झिरो बसवण्यासाठी (नेम आणि गोळी एका जागी आणण्यासाठी) आणि स्पर्धेसाठी राखून ठेवतो. एकाच मार्काचे दोन लॉटसुद्धा वेगळे वागतात, म्हणून एखादा लॉट जमला की परवान्यावरील मर्यादेत बसेल तितका त्याच क्रमांकाचा साठा एकदम घ्यावा.

दस्त्याने मात्र बराच त्रास दिला. लाकूड दिसायला देखणे असले, तरी नळीखालची खोबणी पुरेशी खोल नव्हती. हिवाळ्यात नळी आणि लाकूड यांमधून दहा रुपयांची नोट सहज सरकत असे. जून संपताना तीच नोट पुढच्या टोकापासून तीन बोटांवर अडू लागली आणि त्याच आठवड्यात गोळ्या वर व डावीकडे सरकलेल्या दिसल्या. सोलापूर कमी पावसाचा जिल्हा असला, तरी एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हानंतर हवेत जो ओलावा येतो, तेवढ्याने लाकूड फुगते आणि नळीला एका बाजूने टेकते. परवानाधारक कारागिराकडून खोबणी घासून आतून सीलर लावून घेतल्यावर नोट पुन्हा मोकळी फिरू लागली आणि गटांचा आकार लांबट होता तो गोलाकार झाला. दस्त्याचे दोन्ही स्क्रू प्रत्येक वेळी सारख्याच ताणाने आवळावेत. पुढचा स्क्रू थोडा अधिक आवळला तरी माझ्या रायफलीचा झिरो हलतो. खर्चाच्या मानाने सर्वाधिक फायदा मला या कामातून मिळाला.

चापाचे वजन मी सामान तोलायच्या काट्याने मोजले तेव्हा ते तीन किलोच्या जवळ भरले, आणि रायफलीचे स्वतःचे वजनही साधारण तेवढेच आहे. अशा चापावर बोट दाबताना शेवटच्या क्षणी माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) उजवीकडे सरकते आणि नवशिक्याला दोष आपल्या हातात आहे की बंदुकीत, हे कळत नाही. त्याच कारागिराने चापाचा ताण दोन किलोच्या खाली आणला. त्यानंतर रिकाम्या रायफलीचा बोल्ट जोरात बंद करून आणि दस्ता रबरी पट्टीवर आपटून घोडा आपोआप सुटत नाही ना, याची खात्री त्याने माझ्यासमोर करून दिली. हे काम घरी करण्याचा विचारही कोणी मनात आणू नये. त्यात जिवाचा धोका आहे आणि शस्त्रदुरुस्ती हे कायद्याने दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराचेच काम आहे.

बोल्ट सुरुवातीला कोरडा आणि जड होता, वापराने आणि तेलाच्या एका थेंबाने तो सुधारला. मॅगझिनमधून काडतूस आत जाताना शिशाच्या टोकावर बारीक ओरखडा उठतो, म्हणून गुण मोजायचे असतील तेव्हा मी एक-एक काडतूस हातानेच भरतो. बोल्ट अ‍ॅक्शनमध्ये गोळी सुटताना बोल्ट जागचा हलत नाही आणि भरण्याची घाई नसते, त्यामुळे ही सवय सरावात कुठेही आड येत नाही.

सोलापूरच्या हवेविषयी स्वतंत्र सांगायला हवे. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे असताना बंद गाडीत ठेवलेली काडतुसे आणि सावलीत ठेवलेली काडतुसे यांच्या गोळ्या एकाच उंचीवर पडत नाहीत, असे मला पुन्हा पुन्हा दिसले. आता ती थंड डब्यात, ओल न लागू देता नेतो. झोपायच्या पातळ मॅटखाली दुहेरी घडीची सोलापुरी चादर अंथरली म्हणजे तापलेली फरशी कोपरांना सोसते आणि कोपर घसरतही नाही. जून-जुलैतील वाऱ्याचा विचार तर करावाच लागतो, कारण ताशी १० किलोमीटरचा आडवा वारासुद्धा ५० मीटरवर .२२ ची गोळी जवळपास दीड सेंटीमीटर ढकलतो. आमच्याकडच्या उघड्या रेंजवर पावसाळ्यात मिळालेले गट आणि पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर मिळालेले गट यांची तुलना करून रायफलीला दोष देणे म्हणूनच चुकीचे ठरेल.

नळीची सफाई बोल्ट काढून मागच्या बाजूने करावी, म्हणजे तोंडाच्या कडेला सळई घासत नाही. सफाईनंतरच्या पहिल्या काही गोळ्या विखुरतात आणि नळीत मेणाचा व शिशाचा पातळ थर बसल्यावर गट पूर्ववत होतो, म्हणून स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी नळीला हात लावत नाही.

किमतीच्या दृष्टीने पाहता, दुसऱ्या हाताची जुनी ब्रनो मॉडेल टू ही चेक बनावटीची .२२ रायफल चांगल्या स्थितीत आणि रास्त दरात मिळाली, तर मी ती आधी पाहीन. तिचा बोल्ट आणि चाप आजही नावाजले जातात. मात्र तिची मागणी मोठी असल्यामुळे विक्रेते भाव फार चढवून सांगतात आणि नळीची अवस्था आत घालायच्या दिव्याच्या दुर्बिणीशिवाय नीट कळत नाही. नव्या देशी रायफलीत कारागिराचा खर्च धरूनही बरीच रक्कम हातात राहते आणि ती मॅच काडतुसांत घालता येते. दुकानात पसंती करताना मी एवढे पाहीन: बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे पाहावे, तोंडाची कडा सर्व बाजूंनी सारखी आणि ओरखड्याविना आहे का ते नखाने तपासावे, नळीखालून नोट सरकवून पाहावी, दुकानदाराच्या परवानगीने रिकाम्या रायफलीचा चाप काट्याने तोलावा आणि त्याच्याकडे दोन-तीन नग असतील तर सगळ्यांची अशीच तपासणी करून मगच परवान्यावर नोंद करून घ्यावी.