'झिरो मार्कअप' फॉरेक्स कार्ड विकून आम्हाला कसं लुटलं

2024च्या दिवाळीत आम्ही थायलंडला गेलो. ज्या ट्रॅव्हल एजंटकडून तिकिटं काढली, त्याच्याच ओळखीच्या मनी चेंजरने आम्हाला फॉरेक्स कार्ड, म्हणजे परदेशी चलन आधीच भरून ठेवायचं कार्ड, विकलं आणि विकताना तो धडधडीत खोटं बोलला. तोच माणूस आजही त्याच काउंटरवर बसून लोकांना तीच कार्डं विकतोय, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमच्या घरी साधं क्रेडिट कार्ड होतंच. त्यावर परदेशातल्या खर्चाला साडेतीन टक्के मार्कअप (चलन बदलण्याबद्दल लावलेला जादा आकार) आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे सगळे मिळून 4.13 टक्के. मी हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मॅडम, आता क्रेडिट कार्ड बाहेर वापरलं की वीस टक्के टॅक्स कापतात. पेपरात आलं होतं ना!" पेपरात आलं होतं हे खरं. मे 2023मध्ये सरकारने तसं ठरवलं होतं. पण 28 जून 2023ला तो निर्णय पुढे ढकलला गेला, आणि परदेशात असताना क्रेडिट कार्डाने केलेल्या खर्चावर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच कापला जाणारा हा टॅक्स, लागत नाही. उलट फॉरेक्स कार्डात भरलेले पैसे रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत (वर्षभरात परदेशी पाठवलेल्या पैशांचा हिशोब) मोजले जातात आणि मर्यादेच्या वर गेले की त्यांवर टीसीएस लागतो. ती मर्यादा तेव्हा वर्षाला सात लाख होती, एप्रिल 2025पासून दहा लाख झाली. साध्या सहलीत कुणी सहसा तिथवर पोचत नाही. तरीही बातमीचा अर्धाच भाग सांगून माणसाला घाबरवायचं आणि आपलं कार्ड गळ्यात मारायचं, हे मला फार संतापजनक वाटतं.

आता त्या 'झिरो मार्कअप'चं बघू. त्या दिवशी बाजारात डॉलर 84 रुपयांच्या जरासा वर होता. आम्हाला लावला 86 रुपये 20 पैसे. म्हणजे मार्कअप शून्य सांगून अडीच टक्के भरण्याच्या दरातच काढून घेतले. पावतीवर जीएसटी तेवढा वेगळा दाखवला होता, दोनशेच्या आसपास, त्यामुळे वरवर सगळा व्यवहार चोख दिसत होता.

कार्डात डॉलरऐवजी थायलंडचं चलन बाट भरा, असं मी आधीच व्हॉट्सॲपवर कळवलं होतं. उत्तर आलं, "इस कार्ड में बाट नहीं आता, डॉलर सब जगह चलता है." चालतो, पण बिल बाटमध्ये आणि कार्डात डॉलर, असं असलं की दर वेळी क्रॉस करन्सी चार्ज बसतो. आमच्या कार्डावर तो तीन टक्के होता. परत आल्यावर कार्ड देणाऱ्या बँकेला फोन केला, तेव्हा समजलं की त्याच कार्डात बाटचं वॉलेट आहे!

दोन्ही धरून 100 रुपयांची वस्तू आम्हाला 105 रुपये 60 पैशांना पडली. घरच्या क्रेडिट कार्डावर ती 104 रुपये 13 पैशांना पडली असती. कार्डावर शून्य लिहिलंय की तीन, याने काहीच कळत नाही. शेवटी एका बाटसाठी आपल्या खिशातून किती रुपये गेले, ते बघायचं. व्हिसा आणि मास्टरकार्ड आपापल्या वेबसाइटवर रोजचा दर देतात, त्याच्याशी ताडून बघता येतं.

एटीएमचं थोडक्यात सांगते. तिथल्या मशिनने दर वेळी 220 बाट कापले, वर आपल्या कार्डाचे दोन डॉलर वेगळे. तीन हजार बाट काढले तर नुसते 220च सात टक्क्यांच्या वर जातात. रोख लागणार असेल तर एकदाच मोठी रक्कम काढा.

आणि यापेक्षा वाईट प्रकार हॉटेलात घडला. बिल 6,400 बाट, माझ्या नवऱ्याने क्रेडिट कार्ड दिलं. काउंटरवरच्या मुलीने काही न विचारता मशिनवर रुपये निवडले. बाटमध्ये घ्या म्हटलं तर "सेम, सेम" म्हणत हसली आणि स्लिप फाडून हातात दिली. स्लिपवर दर होता 2.62, त्या दिवशीचा खरा दर 2.48च्या आसपास. सुमारे नऊशे रुपये तिथेच गेले, आणि रुपयात झालेल्या परदेशी व्यवहाराचा म्हणून आपल्या बँकेने एक टक्का अधिक जीएसटी वेगळा लावला. बिल असं तिथल्या चलनाऐवजी आपल्या चलनात घेण्याला डीसीसी (डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन) म्हणतात. कोणत्या चलनात पैसे द्यायचे हे ठरवण्याचा हक्क व्हिसा-मास्टरकार्डच्या नियमांप्रमाणे ग्राहकाचा आहे. पिन टाकण्याआधी मशिनवर रुपयांचा आकडा दिसला तर थांबा आणि व्यवहार रद्द करायला लावा. पुढे एका दुकानात आम्ही तसंच केलं, त्यांनी निमूटपणे बाटमध्ये पुन्हा केला. एटीएमवरही 'कन्व्हर्जन' नाकारायचं. नाकारलं तरी पैसे येतात. जगातलं सगळ्यात स्वस्त कार्ड जवळ असलं तरी डीसीसी झालं की त्याचा उपयोग शून्य.

फॉरेक्स कार्ड देणाऱ्या बँकेकडे लेखी तक्रार केली. पहिलं उत्तर आलं की चार्जेस तुम्ही सही केलेल्या फॉर्मवर छापलेले आहेत. मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार नोंदवली. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर ती करता येते आणि फी लागत नाही. त्यानंतर क्रॉस करन्सीचे पैसे परत आले. भरण्याच्या दरातला फरक मिळाला नाही, कारण तो दर पावतीवर होता आणि पावतीवर आमची सही होती. जे मिळालं ते "बाट नहीं आता" या व्हॉट्सॲप मेसेजच्या जोरावर मिळालं. टीसीएसची थाप त्याने तोंडी मारली होती, तिचा आमच्याकडे काहीच पुरावा नव्हता. त्यामुळे कार्ड घेताना दर, चलन आणि चार्ज, तिन्ही प्रश्न मेसेजवरच विचारा आणि उत्तर आल्याशिवाय पैसे भरू नका.