वर्गणीचं मासिक सुटलं, रोजची 'पारी' लागली: काही महिन्यांनंतरचा अनुभव

एका मासिकाच्या ॲपने वर्षाची वर्गणी न विचारता परस्पर कापली. असे पैसे कापण्याच्या २४ तास आधी ग्राहकाला कळवायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मला काहीच आलं नव्हतं. कस्टमर केअरला मेल टाकत राहिलो, उत्तर एकच: परतावा मिळणार नाही. शेवटी यूपीआयमधला ऑटोपे रद्द केला आणि घणसोली ते ठाणे लोकलमध्ये वाचायला दुसरं काहीतरी शोधायला लागलो.

'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, पत्रकार पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केलेलं, ग्रामीण भारतातल्या माणसांबद्दलचं संकेतस्थळ. फुकट आहे आणि मराठीतही आहे, माझ्यासाठी एवढं पुरेसं होतं.

पहिले काही आठवडे मत फारसं बरं नव्हतं. लेख मोठे. दिघा गाव मागे पडलं तरी निम्मासुद्धा संपायचा नाही, आणि ठाण्याला उतरताना धक्काबुक्कीत फोन खिशात टाकावा लागायचा. हे घरी बसून वाचायचं, गाडीत नाही, असं वाटायचं. आता नेमकं हेच आवडतं. सकाळी बीडच्या ऊसतोड मजुरांची उचल कशी फिटते हे अर्धं वाचून उतरलो, की दिवसभर ते डोक्यात राहतं. उरलेलं परतीच्या गाडीत.

पण मी खरा अडकलो तो जात्यावरच्या ओव्यांमध्ये. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, तो सगळा खजिना 'पारी'वर येतो आहे. ओव्या सुंदर आहेतच. मला मात्र त्यांच्याखालची माहिती सोडवत नाही. गाणारीचं नाव, गाव, तालुका, जात, वय, मुलं किती, काम काय, ध्वनिमुद्रण कधी झालं. एरवी ओवी म्हटलं की 'लोकसाहित्य' म्हणून कवयित्रीचं नाव पुसून टाकायची आपली रीत. इथे परभणीतल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे सीतेच्या वनवासाचं दुःख गातात, ते त्यांच्या नावानिशी. माझी आई मुळशीकडची. तिला त्या तालुक्यातल्या बायकांच्या ओव्या लावून दिल्या, तर ती गाण्याआधी नावं आणि गावं वाचत बसली आणि कोण कुणाच्या घरची हे मला सांगत राहिली. एवढ्या एका गोष्टीसाठी मी पाचपैकी पाच तारे देईन.

आधीच्या वर्गणीतली थोडी रक्कम आता देणगी म्हणून इथे देतो. मागितली कुणी नव्हती, म्हणून द्यावीशी वाटली.

नव्याने वाचणार असाल तर पान मराठीत करून घ्या आणि थेट ओव्यांकडे जा. ऑडिओ लावण्याआधी शब्द एकदा डोळ्यांखालून घाला. गाडीच्या आवाजात पहिल्या ऐकण्यात अर्धी ओवी निसटते.