रत्नागिरीहून पाचगणीला बिऱ्हाड हलवलं, त्या वाईच्या गाडीवाल्यांचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा का कापला ते खाली येईलच. कोकणातून वर घाटावर, म्हणजे वाई-पाचगणी-महाबळेश्वर भागात राहायला जायचा विचार करणाऱ्यांसाठी मुद्दाम सविस्तर लिहितेय, कारण आम्ही शोधत होतो तेव्हा पुणे-मुंबई, मुंबई-बंगलोर असल्या शिफ्टिंगचे ढीगभर रिव्ह्यू सापडले पण समुद्राकाठचं घर चार हजार फुटांच्या वर चढवायचं तर काय काय बघावं लागतं याबद्दल कुणीच काही लिहिलेलं नव्हतं.

आमचं कारण साधं. मिस्टरांना पाचगणीच्या एका बोर्डिंग स्कूलमध्ये नोकरी लागली, आणि सासूबाईंना रत्नागिरीचा उन्हाळा आता झेपत नव्हता. बाहेरच्यांना वाटतं रत्नागिरीत काय, मे महिन्यात पारा ३२-३३ च्या पुढे फारसा जात नाही, विदर्भात बघा किती असतो. पण दमटपणाचं काय? रात्री दोन वाजता सुद्धा उशी ओली, अंगभर घामोळं, आणि लाईट गेली की विचारूच नका. सासूबाई रात्र रात्र पडवीत बसून काढायच्या. त्यामुळे जायचं हे पक्कं होतं, प्रश्न फक्त सामानाचा होता.

सामान म्हणजे सागवानी पलंग, लोखंडी कपाट, फ्रिज, वॉशिंग मशीन, पुस्तकांचे खोके, सासूबाईंचा पाटा-वरवंटा, कुंड्या आणि बरण्या. बरण्या भरपूर. शाळा जूनमध्ये सुरू म्हणून मेमध्येच हलायचं होतं, आणि इथे पहिली अडचण आली. एप्रिल-मे म्हणजे आंब्याचा सिझन, रत्नागिरीतली झाडून सगळी पिकअप, आयशर, टेम्पो आंब्याच्या पेट्या घेऊन वाशी मार्केटला नाहीतर पुण्याला. घरसामानाला गाडी मागितली की एकतर नाही म्हणतात नाहीतर तोंडाला येईल ते भाडं सांगतात, त्यांचंही बरोबर आहे, वर्षाची कमाई त्याच दोन महिन्यांत असते.

मग आम्ही एका मोठ्या पॅकर्स-मूव्हर्स कंपनीला फोन केला, नाव लिहीत नाही. व्हिडिओ कॉलवर सामान बघितलं, कोटेशन पण पटकन पाठवलं. पण गाडी कुठल्या रस्त्याने नेणार असं विचारलं तर समोरचा माणूस म्हणाला मॅडम मॅपवर जो शॉर्टेस्ट दिसेल तो. मॅपवर दिसतो पोलादपूरवरून आंबेनळी घाट. कोकणात राहणाऱ्या माणसाला आंबेनळी काय आहे ते सांगायला लागत नाही, २०१८ साली दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या लोकांची बस दरीत गेली तोच घाट, २०२१ च्या जुलैत दरडी कोसळून बंद पडला होता तोही हाच. छोटी गाडी रोज जाते येते, मी स्वतः गेलेय, पण सामानाने भरलेला मोठा ट्रक त्या वळणांवरून नेणं वेगळं. वर नंतर त्यांचा घाट चार्ज वेगळा, पाचगणीतल्या गल्लीत ट्रक शिरला नाही तर छोट्या गाडीचा वेगळा, जीएसटी वेगळा असं एकेक निघायला लागलं. मिस्टर म्हणाले राहू दे.

शेवटी शाळेतल्या एका सहकाऱ्यांनी वाईच्या एका गाडीवाल्यांचा नंबर दिला. मी त्यांना मामाच म्हणते, नाव-नंबर असा उघड टाकणार नाही. त्यांची १४ फुटी आयशर आहे, ते घाटावरून कांदा-बटाटा घेऊन कोकणात उतरतात आणि जाताना पुष्कळदा रिकामे जातात, म्हणून त्यांना परतीचं भाडं मिळालं आणि आम्हाला दर परवडला. हमाली, बांधाबांध, आनेवाडीचा टोल सगळं धरून ३० हजारांच्या आत काम झालं, आणि ठरलेल्या आकड्यावर नंतर एक रुपया वाढला नाही. कोकणात राहून पुण्या-मुंबईकडे गाडी शोधण्यापेक्षा घाटावरची, खाली माल टाकून परत जाणारी गाडी शोधा, माझं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं हेच आहे. पैसे वाचतात हा एक भाग झाला. खरा फायदा असा की त्या माणसाला वरची हवा, वरचे रस्ते आणि वरची घरं माहीत असतात.

मामांना रस्ता विचारला तर एका दमात सांगितला. चिपळूणला बहादूरशेख नाक्यावरून आत, कुंभार्ली घाट, कोयनानगर, पाटण, उंब्रजला हायवे, सातारा, पाचवडवरून वाई आणि मग पसरणी घाट. पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास होतं, आंबेनळीपेक्षा लांबचं, पण "ताई, भरल्या गाडीला वळाण रुंद लागतंय, अंतराचं काय न्हाई" असं त्यांचं म्हणणं. आणि चिपळूणलाच वळल्यामुळे त्याच्या पुढचा परशुराम घाट पण टळतो, तो आणखी एक फायदा.

आता बांधाबांधीबद्दल, कारण यातच मला त्यांचं काम सगळ्यात आवडलं. मामा आणि तीन पोरं आदल्या संध्याकाळीच आली. समुद्राजवळच्या घरात लोखंडाचं काय होतं ते आपल्याला माहीतच आहे, खारी हवा सगळं खाऊन टाकते. पलंगाचे बोल्ट गंजून असे घट्ट बसलेले की पान्याने हलेनात. दुसऱ्या कुणी हातोडी मारून लाकूड फोडलं असतं. यांनी प्रत्येक बोल्टवर गंज काढायचा स्प्रे मारला, चहा प्यायले, तोपर्यंत कपड्यांची गाठोडी बांधली आणि मग एकेक बोल्ट आरामात सोडवला. ज्या पायाचा बोल्ट त्या पायालाच छोट्या पिशवीत बांधून वर खडूने आकडा टाकला. लोखंडी कपाट जरा तिरकं करून मामांनी खालून हात फिरवला तर तळाच्या पत्र्याचा गंज पापुद्र्यासारखा हातात आला. म्हणाले, हे असंच नेलं तर घाटात हादरे बसून तळ गळून पडंल. मग खाली प्लायवूडचा तुकडा घालून दोरीने आवळलं आणि वर पोचल्यावर घासून रेड ऑक्साईड मारा, तिथं खारं वारं नाही त्यामुळे पुढे टिकेल असं सांगितलं. आम्ही तसंच केलं, कपाट आज व्यवस्थित उभं आहे.

फ्रिज आदल्या रात्रीच बंद करायला लावला, गाडीत उभाच ठेवला, आणि वर पोचल्यावर लगेच चालू करू दिला नाही, काही तास तसाच ठेवा म्हणाले. गॅस सिलिंडर घरसामानाच्या गाडीत न्यायला स्पष्ट नकार दिला, आणि ते योग्यच आहे. सिलिंडर आणि रेग्युलेटर रत्नागिरीच्या एजन्सीत जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्या, ते वरच्या एजन्सीत द्या, नवीन कनेक्शन घ्यायची गरज नाही. हे निघायच्या दिवसावर ठेवू नका.

एसीबद्दल त्यांनी विचारलं, कशाला नेताय? आम्हाला वाटत होतं असू दे, पडून राहील. पण ते म्हणाले वर त्याला कुणी हात लावत नाही, इथंच विका. रत्नागिरीत मे महिन्यात जुन्या एसीला गिऱ्हाईक लगेच मिळालं, त्या पैशात इथे गिझर आला. भाड्याच्या घरात आल्यावर बघते तर हॉलमध्ये पंख्याचा हूकच नाही! सासूबाई आधी घाबरल्या, पंख्याशिवाय कसं होणार म्हणून. पहिल्या रात्री मे महिन्यात त्यांनी स्वतःहून पांघरूण मागितलं आणि सकाळपर्यंत झोपल्या, मला तर भरूनच आलं.

सुकी मासळी. यावर वेगळं लिहायलाच पाहिजे कारण कोकणातून निघणारा प्रत्येक माणूस ती नेणारच. सोडे, सुकट, बोंबील असं वर्षाचं भरून घेतलेलं. पोरांनी ना नाक मुरडलं ना काही, पण गादी-कपड्यांजवळ ठेवू दिलं नाही. पत्र्याच्या डब्यात भरून झाकणाला चारी बाजूंनी टेप, वरून प्लास्टिक, आणि सगळ्यात शेवटी फाळक्याजवळ, म्हणजे उतरवताना सगळ्यात आधी. गाद्यांना अजिबात वास लागला नाही. मसाल्याच्या आणि लोणच्याच्या बरण्यांना जुन्या चादरी गुंडाळून मधे पेंढा भरला. एक गोष्ट मात्र वर आल्यावर गंमत वाटावी अशी झाली, हवाबंद पाकिटं, चिवडा-वेफर्सची, सगळी टम्म फुगलेली, आणि शाम्पूच्या बाटलीचं झाकण उघडताच फस्सकन बाहेर आला. वर हवेचा दाब कमी असतो म्हणून होतं, घाबरू नका, पण असल्या बाटल्या कपड्यांच्या बॅगेत टाकू नका.

कुंड्यांना निघायच्या दिवशी पाणी घालायचं नाही, आदल्या दिवशी घालायचं, म्हणजे गाडीत चिखल होत नाही. अबोली, जास्वंद, कढीपत्ता सगळं मधल्या भागात ठेवलं, घाटातल्या वाऱ्याने फांद्या मोडतात म्हणून. अबोली एक गेली, बाकी जगली.

पसरणी घाट आम्ही गाडीच्या मागून आमच्या कारने चढलो. वळणावर समोरून एसटी आली की मामा आधीच थांबायचे, तिला पूर्ण जाऊ द्यायचे, कुठेही घुसवाघुसवी नाही. आमची गल्ली अरुंद आणि चढाची, तिथे उलटी गाडी एका झटक्यात दारापर्यंत आणली. उतरवायला घेतलं तेव्हा अंधार पडायला लागला होता तरी पलंग जोडूनच गेले, आजी खाली झोपायच्या नाहीत म्हणाले.

अर्धा स्टार कशासाठी कापला तर, एक म्हणजे ट्रान्झिट इन्शुरन्स नाही. सामानाला काही झालं तर त्यांच्या शब्दावरच सगळं, आमच्या अभ्यासाच्या टेबलाला एक लांब ओरखडा आला, त्याचे पैसे त्यांनी स्वतःहून कमी केले पण सगळेच असं करतील असं नाही. किमती सामान असेल तर यादी करून दोघांच्या सह्या घ्या, फोटो काढून ठेवा. दुसरं म्हणजे बिल साध्या वहीच्या कागदावर मिळालं. ज्यांना ऑफिसकडून शिफ्टिंगचे पैसे परत मिळायचे असतात त्यांनी आधीच बोलून नीट पावती मागा, मिस्टरांना शाळेत द्यायला ती दुसऱ्यांदा मागावी लागली. आणि गाडी चालवताना ते फोन उचलत नाहीत, मला काळजी वाटत राहिली, पण यासाठी स्टार कापणार नाही, घाटात फोन न उचलणारा ड्रायव्हर मला चालेल.

सामान लावून झाल्यावर चहा घेताना मामांनी जे सांगितलं ते पण लिहिते, कारण नवीन येणाऱ्याला ते कुणी सांगत नाही. इथे पाणी ९५-९६ अंशालाच उकळतं, त्यामुळे टोपात भात-डाळ करणाऱ्यांनी वेळ जास्त धरायचा, कुकरला पण एखादी शिट्टी जास्त. खोबरेल तेल थंडीत बाटलीत गोठतं, रुंद तोंडाच्या डब्यात काढून ठेवायचं. पावसाबद्दल लोक उगाच घाबरवतात, महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पडतो, पण पाचगणी त्याच्या पूर्वेला जेमतेम वीस किलोमीटरवर आणि इथे त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे आपल्या रत्नागिरीपेक्षा सुद्धा कमी. मात्र धुकं घरात शिरतं, आठवडे आठवडे ऊन दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, पुस्तकांना आणि चामड्याच्या चपलांना बुरशी येते. घर बघताना पश्चिमेच्या भिंतीला ओल आहे का ते हात लावून बघा, आणि घरमालकाला विचारा पावसाळ्यात त्या बाजूला झडी, म्हणजे भिंतीला पावसाचा आडोसा, बांधून देता का. महाबळेश्वरकडे घर घेत असाल तर हे जास्तच विचारा. हिवाळ्यात वेण्णा लेककडे पहाटे दव गोठतं, पाचगणीत तेवढं नाही, पण कोकणातल्या माणसाकडे गरम कपडे असतात कुठे, सासूबाईंना आम्ही घोंगडी आणि लोकरीचे मोजे वाईहून आणले.

मासळीची सवय मात्र मोडावी लागते. बर्फातली येते, पण आपल्याकडे बंदरावर हातात घेऊन कल्ले बघून घ्यायची ती मजा नाही. सासूबाई आठवड्यातून एकदा तरी यावर बोलतातच, आणि त्यांना समजावण्यासारखं माझ्याकडे काही नाही. सुकी मासळी भरपूर आणा एवढंच.

ज्यांना मे मध्ये हलायचंय त्यांनी मार्च संपायच्या आत गाडी ठरवा, जमलं तर थोडा ॲडव्हान्स द्या आणि कुठल्या घाटाने नेणार ते पहिल्या फोनवरच विचारा. जो कुंभार्ली-पसरणी न अडखळता सांगेल त्याच्याशी पुढे बोला. जूनचा पाऊस लागला की मामा स्वतः घरसामानाचं भाडं घेत नाहीत, ताडपत्री कितीही बांधली तरी गाद्या भिजतात म्हणतात, त्यामुळे तारीख त्याच्या आतलीच धरा.